डोंगराखालचं मोठं घर

डोंबिवली, कल्याण, ठाणे या पट्ट्यात ज्या घरात वडीलधाऱ्यांचं म्हातारपण आणि मुलांची कॉलेजं एकाच सुमारास येऊन ठेपतात, तिथे रात्रीच्या जेवणावर हा विषय निघतोच : लांब गेलं तरी चालेल, पण सगळ्यांना पुरेल असं घर हवं. मग बोलणं कर्जत लोकलच्या मार्गाने सरकायला लागतं. बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी. बदलापूर सोडलं की उजव्या हाताला डोंगर सुरू होतो. आधी चंदेरीचा सुळका, मग नाखिंद, मग पेब आणि त्याच्या मागे माथेरानचा सपाट माथा. पावसाळ्यात ही रांग खिडकीतून पाहिली की घर घ्यायचंच, असं मनाशी पक्कं करून माणसं परततात.

आमच्याकडे दोन भाऊ, दोन फ्लॅट आणि मध्ये दोन गल्ल्या. आई-आप्पा आलटून पालटून दोन्हीकडे. आईंची औषधांची पिशवी आणि आप्पांचा रेडिओ यांचा मुक्काम सतत बदलता. गणपती भाऊजींकडे, नवरात्र आमच्याकडे, आणि दोन्ही वेळेला निम्मी माणसं जिन्यात किंवा गॅलरीत. भांडण कुणाचं नव्हतं, तरी एका घरात राहायचं ही इच्छा दोन्हीकडे होती. जाऊबाईंनी ती आधी बोलून दाखवली, याबद्दल मला त्यांचं फार अप्रूप आहे. एकत्र राहायची गोष्ट सुनेने काढली की ती घरात सगळ्यांना खरी वाटते.

घर नेरळला घेतलं. स्टेशनच्या पश्चिमेला, डोंगर जिथे सुरू होतो तिथे. खाली चार खोल्या, वर चार, मागे पडवी, मंगलोरी कौलं, आणि मागच्या अंगाला चढत गेलेली जमीन. ते घेताना जे पाहिलं, वाचलं, विचारलं, त्यातून एक गोष्ट मला मनापासून पटली आहे. पायथ्याला घर घेणारा माणूस पैसे मोजतो ते खोल्यांचे आणि गुंठ्यांचे, पण त्याचा खरा व्यवहार होतो वरच्या उताराशी. वरून पाणी येतं, माती येते, माणसं येतात. तिघांनाही वाट ठेवता येत असेल तरच तिथे राहायला जावं.

पाण्यापासून सांगते. माथेरानच्या माथ्यावर जांभा दगड आहे, तिथली ती तांबडी धूळ सगळ्यांच्या पायाला लागलेली असते. जांभा सच्छिद्र, पाणी पिणारा. त्याच्याखाली काळ्या बेसॉल्टचे थरावर थर. वर पडलेलं पाणी जांभ्यातून मुरतं, कठीण थर लागला की आडवं सरकतं आणि उतारावर कुठेतरी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हे पाणी डोंगरावरून उतरून उल्हास नदीकडे निघालेलं असतं. आपलं घर त्याच्या वाटेत असतं, ही साधी गोष्ट विकणाऱ्याच्या बोलण्यात कुठे येत नाही. तो सूर्योदय दाखवतो, गार वारा दाखवतो, नाला दाखवताना मात्र म्हणतो, ‘हा काय, पावसाळ्यापुरता ओहोळ आहे.’ पावसाळ्यापुरता आहे हेच तर पाहायला हवं!

म्हणून आप्पांनी अट घातली होती. घर जुलैत पाहायचं आणि मे महिन्यातही पाहायचं, मधल्या महिन्यांत टोकन द्यायचं नाही. आप्पा मध्य रेल्वेत होते, रुळाखालची खडी कधी वाहून जाते हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. २००५ च्या जुलैत नेरळ-माथेरान गाडीचा मार्ग पावसाने उखडला तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसात पुन्हा नुकसान झालं आणि नेरळपासून थेट माथेरानपर्यंत गाडी धावायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. पीरभॉय कुटुंबाने १९०७ मध्ये सुरू केलेली ही एकवीस किलोमीटरची लाइन म्हणजे या उताराची वहीच आहे, डोंगराने कुठे कुठे जागा बदलली त्याची नोंद तिच्यावर आहे, असं आप्पा म्हणतात. त्याच २०१९ च्या जुलैअखेरीला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं होतं. तो प्रश्न नदीकाठचा. पायथ्याचा प्रश्न वेगळा. इथे पाणी चढत नाही, वरून उतरतं, आणि येताना एकटं येत नाही.

जुलैतल्या भेटीत आमच्यासोबत भाऊजींचे एक स्थापत्य अभियंता मित्र होते. त्यांनी घरात पाऊलसुद्धा टाकलं नाही. ते थेट मागे गेले. घराच्या मागे उताराला टेकून एक संरक्षक भिंत आहे, छातीएवढी उंच, काळ्या दगडाची. तिच्यात ठरावीक अंतरावर पाइपाचे तुकडे बसवलेले आहेत. पाऊस कोसळत होता आणि त्या प्रत्येक तुकड्यातून पाण्याची धार लागली होती. त्यांनी ओंजळ धरली, पाणी पाहिलं आणि ओंजळ माझ्यापुढे केली. पाणी नितळ होतं. ‘हे वहिनी, पहिलं बघायचं. भिंतीमागचं पाणी बाहेर येतंय म्हणजे भिंत फुगणार नाही. आणि नितळ येतंय म्हणजे आतली माती जागेवर आहे. ज्या दिवशी ही धार अचानक गढूळ झाली, किंवा भर पावसात बंद झाली, त्या दिवशी सामान न आवरता सगळ्यांनी घराबाहेर पडायचं.’ मग ते भिंतीच्या वर चढले. जमिनीला आडवी भेग गेली आहे का, झाडांची खोडं बुंध्यापाशी उताराकडे वाकून मग सरळ झाली आहेत का, कुंपणाचे खांब एका ओळीत आहेत का, हे सगळं त्यांनी पाहिलं. खोडं वाकलेली असतील तर जमीन हळूहळू सरकते आहे असं समजायचं. आमच्या मागे ऐन आणि किंजळ आहेत. खोडं सरळ होती.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे, कारण घर पाहायला जाणारी माणसं नळ सोडून बघतात, दारं उघडझाप करून बघतात, वास्तुशास्त्र विचारतात, आणि मागच्या भिंतीकडे जात नाहीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगड याच डोंगररांगेच्या दक्षिणेला, खालापूर तालुक्यात. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं ढिगाऱ्यातच राहिली. वर रस्ता नव्हता, यंत्रं पोचत नव्हती, माणसं हातांनी माती उपसत होती. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. मी हे वाचलं तेव्हा आमचं घर शोधणं चालू होतं आणि आठवडाभर आम्ही कुणी घराचा विषय काढला नाही. २०१४ चं माळीण, २०२१ चं तळिये, आणि हे. यादीत नाव नाही, एवढ्यावर विसंबून राहता येत नाही, तर स्वतःच्या डोळ्यांनी उतार पाहायला हवा आणि ज्याला कळतं त्याला पैसे देऊन दाखवायला हवा. आठ खोल्यांच्या घरात तीन पिढ्या झोपणार असतील तर हा खर्च सगळ्यात आधीचा.

मे महिन्यातली भेट अगदी वेगळी. तोच ओहोळ कोरडा खडखडीत, डोंगर तपकिरी, आणि विहिरीचं पाणी तळाला. जुलैत ज्या डोंगरावर जागोजागी धबधबे दिसतात, त्याच्या वरच्या वाड्यांत एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन लांब जातात. पाऊस पडतो आणि उतारावरून निघून जातो, मुरायला त्याला कुणी थांबवत नाही. आमच्या विहिरीत तेव्हा हातभर पाणी होतं, पण होतं. शेजारच्या बंगल्यांमध्ये बोअर मारलेल्या आहेत आणि त्यांतल्या काहींना मेमध्ये टँकर लागतो. मोठं घर म्हणजे मोठी टाकी, आणि मोठी टाकी भरायची तर जमिनीखालून उपसायचं, हे गणित मला रुचत नाही. आम्ही ठरवलं आहे की कौलांवरचं पाणी पन्हाळीने गोळा करून विहिरीत सोडायचं आणि मागच्या उतारावर समपातळीत चर खणायचे. बोअर मारायची नाही. आठ-दहा माणसांना उन्हाळ्यात पाणी पुरेल का, यावर घरात अजून एकमत नाही. आईंचं म्हणणं, पूर्वी पुरायचं ते वापर बेताचा होता म्हणून, आणि तो बेत शिकवायला मी आहे.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. शेतजमीन असेल तर कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही, त्यामुळे जागा बिनशेती आहे का, हे आधी. मग सातबारा, जुने फेरफार, तीस वर्षांचा शोध अहवाल, बांधकाम परवानगी, ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा, आणि हद्दीची सरकारी मोजणी. मोजणी अजिबात टाळू नये. डोंगराकडच्या बाजूला कुंपण कुठेही घातलेलं असतं आणि हद्द भलतीकडेच निघते. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तेव्हा आपला सर्वे नंबर त्याच्या आत आहे की बाहेर, हेही पाहावं लागतं. हा नियम जाचक वाटणारे पुष्कळ भेटले. मला तो आधार वाटतो. आपल्या डोक्यावरचा उतार उद्या कुणी जेसीबी लावून कापणार नाही, याची तेवढीच काय ती लेखी हमी. घर जाऊबाईंच्या आणि माझ्या नावावर घेतलं. महाराष्ट्रात राहतं घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पण सवलत नसती तरी आम्ही हेच केलं असतं, आप्पांनी ते आधीच ठरवून ठेवलं होतं.

आता तिसरी गोष्ट, वरून येणाऱ्या माणसांची.

घर शोधताना एका दलालाने आम्हाला आणखी वरची एक जागा दाखवली होती. अप्रतिम जागा. समोर उल्हासचं खोरं, मागे कडा, दर जवळपास निम्मा. सातबारा मागितला तर त्यावर ठाकर समाजातल्या एका कुटुंबाचं नाव आणि इतर हक्कांच्या रकान्यात जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ चा शेरा. म्हणजे ही जमीन परवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही. दलाल म्हणाला, ‘त्याची काळजी करू नका, कुलमुखत्यारपत्र करून घेऊ, नाव त्यांचंच राहील, घर तुमचं.’ आप्पा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. चप्पल घातली आणि रस्त्याला लागले. आम्ही त्यांच्या मागोमाग. वाटेत ते एवढंच म्हणाले, की ज्याच्या जमिनीवर त्याला न सांगता येण्यासारखा कागद करून राहायचं, तिथे आपल्या नातवंडांना झोप कशी लागेल?

या डोंगराच्या अंगाखांद्यावर ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. जुम्मापट्टी, आसलवाडी, बेकरेवाडी. तिथली माणसं रोज माथेरानला कामाला चढतात, नेरळच्या बाजाराला उतरतात. मृगाच्या आगेमागे बायका पाट्यांतून शेवळं ही रानभाजी आणतात, सोबत काकडांचा, म्हणजे आंबट रानफळांचा वाटा, कारण शेवळं खाजरी असतात आणि काकडांच्या आंबटपणाने ती खाज मरते. पुढे भारंगी, टाकळा, कुर्डू, कंटोळी. आई जन्माने मुरबाडकडच्या. डोंबिवलीच्या बाजारात शेवळं दिसली की त्या भाव न विचारता घेत. नेरळला त्या विकणाऱ्या बाईंच्या शेजारीच फतकल मारून बसल्या आणि शेवळांचा दांडा कुठपर्यंत घ्यायचा यावर त्यांची अर्धा तास चर्चा चालली.

त्याच बाईंकडून कळलं की आम्ही पाहतोय त्या घराच्या वरच्या कोपऱ्यातून वाडीची पायवाट जाते. विकणाऱ्याने ती सांगितली नव्हती. जाऊन पाहिलं तर खरंच, करवंदीच्या जाळीआडून एक घट्ट दबलेली वाट, दगडावर दगड रचून केलेल्या दोन पायऱ्या, आणि खाली ओहोळ ओलांडायला टाकलेली एक फरशी. पायरीचा दगड मधोमध गुळगुळीत झालेला. किती पावलं पडली असतील त्यावर! विचारल्यावर विकणारे म्हणाले, ‘तुम्ही ताबा घेतला की भिंत घाला, ते लोक दुसरीकडून जातील. ओहोळसुद्धा पाइपात घालून वर भराव केलात तर मागे छान लॉन होईल.’

यावर आमच्या घरात वाद झाला, आणि तो खरा वाद होता. भाऊजींचं म्हणणं होतं की आत दोन वयात आलेल्या मुली, म्हातारी माणसं, दिवसभर घरात बायका. परक्यांची वाट आवारातून का? त्यांची काळजी खोटी नव्हती. माझा नवरा म्हणाला, आधी वकिलांना विचारू. वकिलांनी सांगितलं की पिढ्यान् पिढ्यांच्या वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते आणि वाट मोकळी करून द्यावी लागते. ओहोळाचंही तसंच, नैसर्गिक प्रवाह अडवता येत नाही. पण माझ्या मनात कायद्याच्या आधीचा विचार होता. आजारी माणसाला डोलीत घालून खाली आणायचं तर वाडीला हीच वाट. शाळेत जाणारी पोरं याच वाटेने उतरतात. आम्ही राहायला येणार ते आमच्या म्हाताऱ्यांची, पोरांची सोय व्हावी म्हणून, आणि त्यासाठी वरच्या म्हाताऱ्यांना, पोरांना लांबून फिरायला लावणार? आणि पाइपातल्या ओहोळाबद्दल अभियंता मित्र स्पष्टच बोलले होते. पाइपाच्या तोंडाशी एक ओंडका अडकला की पूर्ण डोंगराचं पाणी भरावात घुसेल आणि भराव घेऊन घरात येईल.

जाऊबाईंनी यातून मार्ग काढला. वाट आवारातून जाते, घरातून नव्हे, असं त्या म्हणाल्या. मग वाटेच्या अलीकडे, म्हणजे घराच्या बाजूने, कमरेएवढा गडगा घालायचा. दगड मातीत न बसवता सुटे रचायचे, म्हणजे पाणी अडणार नाही. वाट आणि ओहोळ दोन्ही गडग्याच्या पलीकडे, पूर्ण मोकळे. त्यात आमचे साधारण दोन गुंठे गेले. ‘गेले’ हा भाऊजींचा शब्द. ते दोन गुंठे खरेदीखतात आमच्याच नावावर आहेत, त्यांचा कर आम्हीच भरू. आम्ही आग्रह धरून खरेदीखतात ओळ घालून घेतली की मिळकतीच्या पश्चिम अंगाने जाणारी पायवाट आणि नैसर्गिक ओहोळ कायम मोकळे ठेवण्यात येतील. विकणाऱ्यांना तिची गरज वाटत नव्हती. पण उद्या आमच्या पोरांनी हे घर विकायला काढलं तर घेणाऱ्याला वाट पहिल्या दिवशीच कळायला हवी, जाळीआड लपलेली नको. कर्जतच्या दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त वाचून दाखवला तेव्हा त्या ओळीला आप्पांनी मान हलवली.

खोल्यांचं सांगायचं राहिलंच. आठ खोल्या ऐकायला पुष्कळ वाटतात, पण वाटणी करायला बसलं की मोठ्या घराचा खरा हिशोब समोर येतो. आई-आप्पांची खोली खालच्या मजल्यावर, लगत न्हाणीघर, मध्ये उंबरा नको. मुलींची वर, पुढच्या अंगाला. डोंगराकडच्या मागच्या दोन खोल्यांत पावसाळ्यात कुणी झोपायचं नाही, तिथे पुस्तकं, शिलाई मशीन आणि पाहुण्यांच्या गाद्या. स्वयंपाकघर एकच. दोन ओटे करू या, असं गवंड्याने सुचवलं होतं, जाऊबाईंनी आणि मी एकदमच नको म्हटलं. कौलं दरवर्षी वळवाच्या आधी चाळून घ्यावी लागतील, भिंतींना ओल धरेल, घोणस-मण्यार निघतील तेव्हा टॉर्चशिवाय पडवीत उतरायचं नाही, वीज गेली की तासन् तास येणार नाही. कर्जत लोकलने मुंबई गाठायला दोन तास लागतात आणि नवऱ्याला ते रोज करायचे आहेत. हे सगळं मान्य करून घेतलं आहे. एवढ्या मोठ्या घराला राबणारे हात लागतात. दोन माणसांनी घ्यावं असं हे घर नाही, आणि शनिवार-रविवारपुरतं तर नाहीच नाही. वर्षातले दहा महिने कुलपात असलेल्या पायथ्याच्या बंगल्याच्या मागची चर कोण साफ करणार, त्यातला पालापाचोळा कोण काढणार? तिचं पाणी शेवटी खालच्याच्या अंगणात जातं.

सध्या गडग्याचं काम चालू आहे. दगड बसवणारे दोघे वरच्या वाडीतलेच आहेत. पाणी कुठून वळतं हे त्यांना आमच्या अभियंत्याहून नेमकं माहीत आहे, आणि त्यांच्या सांगण्यावरून आम्ही वरची एक चर दोन हात डावीकडे घेतली. ओहोळावरची फरशी एका बाजूने खचली होती, ती बदलून रुंद टाकायची असं ठरलं आहे. तिचे पैसे कुणी द्यायचे, हे भाऊजींनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. ते आणि मुली रविवारी दगड पाहायला जाणार आहेत.